सगळ्यात हलकी बादली

१२ नोव्हेंबर

बाबा,

आणि समजा कचऱ्याचेच पैसे असले, तरी नोटांना वास येतो का? हातात घेऊन बघितल्यात तरी? मनीऑर्डर परत आली. पोस्टातल्या माणसाने ती उलटीसुलटी करून माझ्यासमोर मोठ्याने वाचली, "घेण्यास नकार", आणि माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही मीच कुणाचं लुबाडून पाठवलं होतं. मागे रांग होती. सगळ्यांनी ऐकलं.

तुमचं म्हणणं आत्याने फोनवर सांगितलं. "आयुष्यभर मी लोकांची मोडकी भांडी नीट करून दिली, आणि पोरगा लोकांचं उष्टं उपसायला गेला." हे तुम्ही तिला सांगितलंत, मला नाही. मी फोन केला की आत्या म्हणते, "अरे, आत्ताच बाहेर पडले बघ." आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. आत्याला खोटं बोलता येत नाही, तिला कशाला कामाला लावता?

म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एक ओळ तरी वाचतोच. वर तीर्थरूप वगैरे लिहिलं नाही. मागच्या वेळी लिहिलं तर तुम्ही म्हणालात, "आता पाया पडतोय." माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. शाळा मी सोडली, शाळेने मला नाही, तेव्हा मास्तरांना दोष नको.

आता नीट ऐका. मी उष्टं उपसत नाही. इथे तीन उंच इमारती आहेत, एकमेकींकडे पाठ करून उभ्या. मागच्या भिंतीला लागून विटांच्या पेट्या बांधल्यात. प्रत्येक घराची ओल्या कचऱ्याची बादली सकाळी खाली येते, तिच्यावर घराचा नंबर. मी ती काट्याला लावतो, वजन फळ्यावर लिहितो, चुकून पडलेलं प्लास्टिक, रबर, एकदा तर कुणाची कवळी, वेचून बाजूला काढतो आणि पेटीत ओततो. वर सुका पाला. आठवड्याने दाताळ्याने ढवळतो. मग त्याची माती होते. काळी, भुसभुशीत. तिला पावसाळ्यातल्या अंगणासारखा वास येतो. तुम्ही मोडक्याचं चांगलं करता, मी सडक्याचं करतो. एवढाच फरक. पण तुम्हाला तो केवढा वाटतो!

माझ्याबरोबर पुष्कळ लोक आहेत, मजेत आहे. खोली पंपाच्या शेजारी आहे, ऊब असते. खाट चांगली आहे. दिवसा तिच्यावर रात्रपाळीचा एक जण झोपतो. त्याचं तोंड मी अजून धड पाहिलेलं नाही. मी येतो तेव्हा उशी गरम असते, एवढीच ओळख.

मला काही नको. पैसे तेवढे घ्या.

तुमचा

२७ नोव्हेंबर

बाबा,

फाडलं नाहीत म्हणे. आत्या सांगत होती, डब्याखाली ठेवलंय. डबा ठेवायला काहीतरी सपाट लागतं म्हणून ठेवलं असेल, तरी चालेल.

इथे एक गंमत सुरू झाली आहे. आमच्या इमारतींत एक बाई आहेत, सगळे त्यांना हरितबाई म्हणतात. तोंडावर नाही, मागे. नळ टपकताना दिसला तर अनोळखी माणसाच्या घरात शिरून बंद करतील. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घालतात, कपड्यांसारख्या. दुकानात स्वतःची कापडी पिशवी, स्वतःची बरणी, स्वतःचा चमचासुद्धा. लोक हसतात, पण ऐकतात. त्यांनी आता स्पर्धा काढली आहे. ज्या घराचा कचरा सगळ्यात कमी, त्या घराला बक्षीस. डिसेंबरात समारंभ. म्हणजे काटा माझ्या हातात आणि तीन इमारती माझ्याशी गोड बोलतायत! लिफ्टमध्ये माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं, आता "काय म्हणतोय आमचा काटा?" म्हणतात.

लबाड्याही भरपूर. एक जण आपली सालं शेजाऱ्याच्या बादलीत टाकतो. बारीक राहण्याचं व्रत घेतलेल्या एका बाईंच्या बादलीत वर काकडीची सालं आणि खाली केकचा कागद, क्रीम चाटून पुसून. बादली उघडली की घर उघडतं, बाबा. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं बाळ खायला लागलंय, कुणाचं भांडण होऊन जेवण तसंच्या तसं ओतलंय, सगळं मला कळतं. मला कुणी काही सांगत नाही, तरी मला सगळ्यांचं माहीत.

पण एक बादली आहे. सातव्या मजल्यावरची. तिला मी "चिमूट" म्हणतो. तिच्यात चिमूटभर चहाची पूड असते, तीसुद्धा दोनदा उकळलेली, रंग गेलेला. कधी अंड्याचं टरफल. कधी काहीच नाही, नुसती धुतलेली बादली. काट्याला लावली तर काटा हलतच नाही. आमचा मुकादम म्हणतो, "काय रे, त्या बादलीच्या प्रेमात पडलास काय? रोज तिच्याकडे बघून हसतोस." खरंच हसतो मी. वाटतं, कुणीतरी साधू राहतो वर. एवढ्या उधळ्या लोकांत एक माणूस असा, ज्याचं काहीच वाया जात नाही. तुम्हाला तो आवडला असता. "सालीसकट खा, ताकद सालीत असते" म्हणायचात, आठवतं? आई म्हणायची, "मग मी आतलं टाकून देते."

परवा आत्याही हेच म्हणाली. "तुझ्या बाबांचा काही म्हणजे काही खर्च नाही. कचऱ्याची गाडी दारात येते तर त्यांच्याकडे टाकायलाच काही नसतं." मी म्हटलं, बघ आत्या, माझे बाबा इथे असते तर त्या सातव्या मजल्यालाही मागे टाकलं असतं. पहिला नंबर! मुकादमालाही सांगितलं. तो म्हणाला, "बाप असा आणि पोरगा रोज दोन ताटं भात हाणणारा!"

मी उड्या मारत सांगितलं सगळ्यांना. अभिमान वाटला मला तुमचा. हे लिहितोय कारण फोनवर तुम्ही येत नाही.

पैसे पुन्हा पाठवले आहेत.

१४ डिसेंबर

परत आले. या वेळी पोस्टातल्या माणसाने हळू आवाजात वाचलं. त्यालाही आता दया येते.

थंडी पडली आहे. खतपेटीचा ढीग आतून तापतो, वरून वाफ निघते. सकाळी मी त्यात मनगटापर्यंत हात घालून उभा राहतो. दिवसभरात तेवढीच एक ऊब मिळते. कुणी बघितलं की दाताळं फिरवल्यासारखं करतो.

मुकादम म्हणतो, दुसऱ्या शहरात छपरांवर बागा लावायचं काम निघालंय, येतोस का. जावं असं वाटतं. माझ्या पायाला भिंगरी आहे हे तुम्हीच सांगून ठेवलंय सगळ्यांना. रंगाऱ्याच्या हाताखाली टिकलो नाही, सायकलवरून डबे पोचवण्यातही टिकलो नाही. इथे कसा टिकलो कोण जाणे. बहुतेक त्या चिमूट बादलीमुळे. सकाळी उठून बघावंसं वाटतं, आज काय आहे तिच्यात.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, माझ्याबरोबर पुष्कळ लोक आहेत. आहेत तसे. त्यांच्या बादल्यांशी माझी ओळख आहे.

२१ डिसेंबर

बाबा,

समारंभ झाला. हे पत्र मी दोनदा लिहिलं आणि फाडलं. फाडायची सवय आपल्या घरातलीच.

खाली खुर्च्या मांडल्या होत्या, कागदाच्या पताका नाहीत, कारण हरितबाई. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचं तोरण होतं. फळ्यावर पहिला नंबर सातव्या मजल्याचा. नाव पुकारलं, कुणी येईना. मुकादम मला म्हणाला, "जा, तुझ्या साधूला घेऊन ये."

मी वर गेलो. पहिल्यांदाच. दार बऱ्याच वेळाने उघडलं. एक म्हातारे गृहस्थ, स्वेटर उलटा घातलेला.

"कोण?"

"खालून आलोय आजोबा. तुम्हाला बक्षीस लागलंय."

"मी लॉटरी घेत नाही."

"लॉटरीचं नाही हो. कचऱ्याचं."

"कचऱ्याचं? काय केलं मी कचऱ्याचं?"

"काही केलं नाहीत म्हणूनच. सगळ्यात कमी तुमचा."

ते हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. अगदी तुमच्यासारखा खोकला. मी त्यांना धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. टेबलाला चार खुर्च्या. तिन्हींवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एकच मोकळी. कुकर कपाटावर उपडा, त्यावर धूळ. ओट्यावर एक कप. आणि एका ताटलीवर दुसरी ताटली झाकलेली. पाणी द्यावं म्हणून मी भांडं शोधत होतो, तर हात लागून वरची ताटली सरकली. खाली पावाचा अर्धा तुकडा. अर्धा दुपारी खाल्ला असणार, अर्धा संध्याकाळचा.

त्यांनी बघितलं की मी बघितलं. मग म्हणाले, "अरे, कचरा व्हायला घरात माणसं लागतात. ही होती तेव्हा आमची बादली दोनदा भरायची. बटाट्याची सालं इतकी जाड काढायची! त्यावरून भांडायचो मी रोज. आता मी एकट्यासाठी कुठे बटाटे उकडू?"

मी म्हटलं, "नका येऊ खाली. मी सांगतो, बरं नाही म्हणून."

तर म्हणाले, "का? चार माणसं आहेत ना खाली? येतो की."

स्वेटर सुलटा करून आले. हरितबाईंनी हात धरून वर घेतलं, माईक पुढे केला. "काका, तुमचं गुपित सांगा ना सगळ्यांना."

त्यांनी माईक दोन्ही हातांत धरला. "बायको गेली. मुलगी लांब राहते. एवढं झालं की कचरा कमी होतो."

माईक खरखरत होता. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्यांनी ऐकलं, ते एकमेकांकडे बघायला लागले. हरितबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बक्षीस म्हणजे एक रोपाची कुंडी, माझ्याच खतातली. ती त्यांनी आजोबांच्या हातात दिली, पण आपल्या बाजूने सोडली नाही. दोघं ती कुंडी धरून नुसती उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पेट्यांपाशी आल्या. रडल्या असाव्यात, पण आवाज नेहमीसारखाच करडा. "तू रोज वजन करत होतास. तुला कळलं नाही?"

"मला वाटलं, साधू आहेत."

"मलाही तसंच वाटलं," म्हणाल्या आणि पाल्याच्या पोत्यावर बसल्या. हात रिकामे ठेवायची सवय नाही त्यांना, पाल्यातल्या काड्या वेचायला लागल्या.

मुकादमाने हवा हलकी करायला म्हटलं, "बाई, पुढच्या वर्षी सगळ्यात जड बादलीला बक्षीस ठेवा. मीच जिंकतो." कुणी हसलं नाही. तोही नाही.

हे सगळं तुम्हाला लिहायला बसलो आणि मला आत्याचं बोलणं आठवलं. गाडी दारात येते तर टाकायलाच काही नसतं. आणि मी पहिला नंबर म्हणून उड्या मारल्या होत्या.

बाबा, तुम्ही दुपारी काय जेवता?

३ जानेवारी

बाबा,

उत्तर नाही. मी दुसरंच सांगतो.

आता मी संध्याकाळी सातव्या मजल्यावर जातो. पहिल्या दिवशी कारण काढून गेलो, कुंडीला पाणी किती घालायचं ते सांगायला. दुसऱ्या दिवशी कारण सापडेना, तर आजोबाच म्हणाले, "कुंडीला जास्त पाणी झालं का बघ." तिसऱ्या दिवसापासून कुंडीचं नावही कुणी काढलं नाही. मी बटाटे, कांदे नेतो, दोघांपुरतं शिजवतो. ते शेजारी बसून सूचना देतात. मी सालं काढली तर म्हणाले, "जाड काढ. आणखी जाड. हां, आत्ता." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मीठ कमी घाल."

कपाटावरचा कुकर काढला. त्याचं हँडल निखळलेलं होतं, म्हणूनच त्यांनी तो ठेवून दिला होता. स्क्रू होता पण आटे गेलेले. मी म्हटलं, मी नीट करतो, माझे वडील हेच करतात. तोंडातून निघून गेलं. तुमच्या टपरीत बसायला नको म्हणून पळालेला मी, आणि तिथे छाती फुगवून सांगतो, माझे वडील हेच करतात! तुम्ही स्क्रू ओठांत धरून काम करायचात तसा मीही ओठांत धरला. पण मला काय येतंय? शेवटी तार गुंडाळून हँडल आवळलं. वाकडं बसलं. तुम्ही असता तर पट्टी माझ्या हातावर बसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातव्या मजल्याची बादली आली. सालं, दोन टरफलं, कांद्याचं देठ. काट्याला लावली, काटा खाली गेला. मुकादम म्हणाला, "गेला तुझा साधू, संसारी झाला." मी आकडा फळ्यावर जरा मोठाच लिहिला.

मला एक कळलं आहे, पण ते लिहायला मला जमत नाही. घरी तुमच्यासमोर बसून सांगता आलं असतं, किंवा नसतंही. टपरी आता तुम्ही उघडतच नाही, असं आत्या म्हणते. हे खरं आहे का?

१९ जानेवारी

बाबा,

काल आत्याचा फोन आला. आपणहून केला, तिने! म्हणाली, "तुझं पत्र त्यांनी अंगणात उन्हात बसून वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे आले आणि मला ओरडले."

मी म्हटलं, "तुला का ओरडले?"

"मला काय माहीत! म्हणाले, 'त्या गाढवाला विचार, कुकरच्या हँडलला कुणी तार बांधतं का? तार तापते. म्हाताऱ्याचा हात भाजेल. आधी तो कुकर खाली काढ म्हणावं.'"

मी तसाच पळत वर गेलो, कुकर ओट्यावरून उतरवला आणि आजोबांना सांगितलं की माझे वडील ओरडले. त्यांना एवढा आनंद झाला! "काय म्हणाले? नक्की काय म्हणाले?" दोनदा सांगायला लावलं. गाढव शब्दावर तर मांडी थोपटली.

बाबा, कितीतरी दिवसांनी तुम्ही मला ओरडलात. ते आत्याच्या तोंडून आलं, पण आवाज तुमचाच होता.

आता ऐका, आणि चिडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून चिडा. हरितबाईंनी ती स्पर्धा बंद केली. त्याऐवजी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी खाली टेबलं मांडणार आहेत, लोकांनी मोडक्या वस्तू फेकायच्या नाहीत, तिथे आणायच्या. नवीन घेण्यापेक्षा जुनं दुरुस्त करा, असं सगळीकडे लिहून चिकटवलंय, पाठकोऱ्या कागदांवर. पहिला रविवार यायच्या आधीच ढीग आला. कुकर, छत्र्या, किटल्या, पाय तुटलेलं स्टूल. आणि दुरुस्त करणारा कोण? एक जण संगणकातलं शिकलेला, एक मी. मी काय करतो ते तुम्ही ऐकलंच आहे. ढीग तसाच पडून आहे. हरितबाई विचारत होत्या, "तुझे वडील नाही का येणार?" मी म्हटलं, विचारतो. आजोबा म्हणाले, "विचारू नको, सांग. तुझे वडील विचारल्यावर हो म्हणणाऱ्यांतले दिसत नाहीत."

तेव्हा सांगतो. माझ्या खोलीत जागा नाही, खाटेवर आधीच दोघं आहोत. मजेत आहे असं जे लिहिलं होतं ते तेवढं वगळून वाचा. पण सातव्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. आजोबांनी खुर्च्यांवरचे गठ्ठे काढून ठेवलेत, तीनही खुर्च्यांवरचे. मी म्हटलं, माणसं तीनच आहेत, तर म्हणाले, "राहू दे, एखादी जास्त असावी." छपरांवरच्या बागांचं मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. निदान तुम्ही येऊन बघेपर्यंत तरी.

कायमचं नाही म्हणत मी. पटलं नाही तर परत जा. टपरीला कुलूप लावा, किल्ली आत्याकडे. ओठांत धरायचे ते बारीक स्क्रू आणि लहान पक्कड तेवढी आणा, इथली पक्कड नीट धरत नाही.

हे पैसे कचऱ्याचेच आहेत. तसं नाही म्हणणार नाही, आणि आता मला त्याची लाजही वाटत नाही. तुम्हाला नको असतील तर पोस्टातून परत करू नका, पोस्टातला माणूस आता माझ्याकडे बघून मान खाली घालतो. स्वतः घेऊन या आणि माझ्या हातात ठेवा. तिकीट एका बाजूचंच धरलं आहे. परतीचं इथे आल्यावर बघू, भांडून.

पाठवतोय, अक्षरी रुपये एक हजार सहाशे चाळीस फक्त.